समुद्र स्थळ खात असेल, तर तपास कुठून सुरू करायचा?

कोकणातल्या एका शिक्षकांचा प्रश्न असा आहे: “आमच्या गावच्या खाडीमुखाजवळ सुरूच्या बनाखालची वाळूची कड दर पावसाळ्यात ढासळते. तिच्यातून जुनी खापरे, शिंपल्यांचा जाड थर आणि भाजलेल्या मातीचे तुकडे बाहेर पडतात; गेल्या वर्षी काही हाडेही दिसली. अशा ठिकाणी पुरातत्त्वज्ञ नेमका तपास कसा करतात? आणि समुद्र हे सगळे नेणारच असेल, तर खणण्याचा उपयोग काय?”

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यावर अवलंबून आहे. देशावरच्या एखाद्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावर आम्ही उत्खनन करतो तेव्हा टेकाडाचा मोठा भाग मुद्दाम न खणता ठेवतो. पुढच्या पिढीकडे आपल्यापेक्षा चांगली साधने आणि चांगले प्रश्न असतील, त्यांच्यासाठी तो राखून ठेवायचा असतो. उत्खनन म्हणजे शेवटी पुराव्याची मोडतोडच असते. ती नोंदी ठेवून केली जाते, एवढाच फरक. किनाऱ्यावरच्या झिजत्या स्थळी मात्र राखून ठेवण्याची सोयच नसते, कारण तिथले उत्खनन समुद्राने आधीच सुरू केलेले असते आणि तो कसलीही नोंद ठेवत नाही. त्यामुळे तिथे “खणावे की नाही” हा प्रश्न उरत नाही. “जे जाणार आहे ते कोणत्या क्रमाने जाणार आहे, आणि प्रत्येक तुकड्याबरोबर कोणत्या प्रश्नाचे उत्तर जाणार आहे” हा प्रश्न उरतो. सगळे वाचवता येत नाही. काय जाऊ द्यायचे हे विचारपूर्वक ठरवणे हा या कामाचा सर्वांत कठीण भाग आहे, आणि इतकी वर्षे किनाऱ्यावर काम करूनही मला तो सोपा झालेला नाही.

आता तपास. पहिल्या भेटीत कुदळ लागत नाही. समुद्राने कापलेली उभी कड हा आयता मिळालेला छेद असतो आणि तो वाचणे हे पहिले काम. कडेचा पृष्ठभाग वाऱ्याने वाळून, वरून ओघळलेल्या वाळूने आणि मुळ्यांच्या जाळ्याने झाकलेला असतो. एक-दोन मीटर रुंदीचा पट्टा निवडून तो वरून खाली, करणी सपाट धरून, फक्त वरची मेलेली साल निघेल इतकाच खरवडायचा. मग थर वेगळे दिसू लागतात: वाऱ्याने आणलेली फिकट, एकसारखी वाळू, माणसाच्या वावराने काळसर झालेली माती, राखेचा करडा पट्टा, तुडवून घट्ट झालेली जमीन, एखाद्या खड्ड्याची वाटीसारखी रेषा. दिसते ते लगेच, ओले असतानाच, मोजपट्टी ठेवून छायाचित्रात घ्यायचे आणि आलेख-कागदावर एकास दहा प्रमाणात काढायचे. छायाचित्रे असताना हाताने काढण्याचा आग्रह कशाला, असे विद्यार्थी विचारतात. चित्र काढताना प्रत्येक रेषेबद्दल निर्णय घ्यावा लागतो, हा थर त्याच्या खाली जातो की त्याला कापतो हे ठरवावे लागते. छायाचित्र तो निर्णय पुढे ढकलू देते आणि पुढे ढकलायला इथे वेळ नसतो.

कडेच्या पायथ्याशी पोखरून वस्तू काढणे ही मात्र घातक चूक आहे. वाळूची कड वरून भक्कम दिसते, पण पायथा गेला की दोन-तीन मीटर उंचीचा भाग एकदम खाली येतो. त्याखाली माणूस गाडला जाऊ शकतो, आणि जे थर आणखी चार वर्षे टिकले असते ते एका दुपारी नाहीसे होतात. आमच्या सुरुवातीच्या एका हंगामात आम्ही उत्साहाने लांबच लांब छेद स्वच्छ केला आणि तो तसाच उघडा टाकून परतलो. वरची साल आणि मुळ्या याच त्या कडेला धरून होत्या, हे पुढच्या उधाणानंतर कळले: स्वच्छ केलेला तेवढाच भाग शेजारच्यापेक्षा अधिक आत गेला होता. तेव्हापासून नोंद झाली की त्याच दिवशी छेद जिओटेक्स्टाइलच्या, म्हणजे पाणी झिरपू देणाऱ्या कृत्रिम धाग्यांच्या, कापडाने आणि वाळूच्या पोत्यांनी झाकायचा, हा नियम मी मोडलेला नाही.

तुम्ही म्हणता त्या शिंपल्यांच्या थराबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण बहुतेक गैरसमज तिथे होतात. शिंपल्यांचा थर समुद्रही टाकतो आणि माणूसही. वादळी लाटांनी टाकलेल्या थरात खाण्याच्या आणि न खाण्याच्या अनेक जाती एकत्र असतात, पिल्ले आणि पूर्ण वाढलेली सरमिसळ असतात, शिंपल्यांच्या कडा घासलेल्या असतात आणि मेलेल्या शिंपल्यावर आतल्या बाजूनेही किड्यांची भोके किंवा चुनखडी नळ्या दिसतात. सोबत गोलसर खडे असतात आणि बऱ्याचदा खाली भरड, वर बारीक अशी वाळूची प्रतवारी असते. माणसाने खाऊन टाकलेल्या ढिगात खाण्याजोग्या दोन-चार जातीच प्रामुख्याने असतात, आकार बराचसा सारखा असतो, आणि मधे कोळसा, राख, माशांचे काटे, खापर असे काही ना काही असते. कोकणात ही परीक्षा विशेष काळजीने करावी लागते, कारण आपल्या किनाऱ्यावर ज्याला “करल” म्हणतात तो शिंपले आणि वाळू चुन्याने घट्ट होऊन बनलेला दगड नैसर्गिक आहे, आणि त्यात अलीकडचे खापरही सहज चिकटून बसते. करलात खापर सापडले म्हणून ते खापर त्या करलाइतके जुने ठरत नाही, आणि करल खापराइतके नवे आहे असेही लगेच म्हणता येत नाही.

खापरांच्या कडाही बोलतात. तुटलेली कड धारदार असेल तर ते खापर नुकतेच थरातून सुटले आहे. गोल, गुळगुळीत असेल तर लाटांनी ते पुष्कळ फिरवले आहे आणि ते दुसऱ्याच ठिकाणाहून आलेले असू शकते. म्हणून पुळणीवरच्या खापरांचा ढीग एकत्र न करता, कड उजवीकडून डावीकडे दहा-दहा मीटरांच्या पट्ट्यांत विभागून, कोणत्या पट्ट्यात धारदार किती आणि घासलेली किती हे मोजावे. धारदार खापरे जिथे दाटतात तिथे वरच्या कडेत त्यांचा थर शोधायचा. मुंबईजवळ घारापुरीच्या किनाऱ्यावर, मोराबंदरच्या बाजूला, ओहोटीच्या पट्ट्यात विटांचे बांधकाम, मातीची भाजलेली गोल कडी एकावर एक रचून बांधलेल्या विहिरी आणि रोमन बनावटीच्या अँफोरांची, म्हणजे दोन कानांच्या उंच कुंभांची, खापरे मिळालेली आहेत. तिथेही सुटे खापर व्यापाराची बातमी देते, पण वस्ती कुठे होती हे जागचे न हललेले बांधकामच सांगते.

कड्यांच्या विहिरीचा पुरावा मला सर्वांत विश्वासू वाटतो. तमिळनाडूत कावेरीच्या मुखाशी पूमपुहार हे चोळांचे प्राचीन बंदर आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तिथे १९६०च्या दशकात उत्खनन केले आणि किळैयूर येथे विटांचा धक्का आणि नावा बांधण्याचे लाकडी खांब उघडे केले. पुढे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने किनारपट्टी आणि समुद्रतळ तपासला. समुद्राने हे शहर गिळल्याची कथा ‘मणिमेखलै’ या तमिळ महाकाव्यात आहे आणि लोकांना साहजिकच तीच ऐकायची असते. पण एखादे शहर एका रात्रीत बुडाले की शतकानुशतके किनारा मागे सरत गेला, हे कथेवरून ठरत नाही. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात तिथे विटांची बांधकामे आणि कड्यांच्या विहिरी दिसतात. गोड्या पाण्याची विहीर कोणी लाटांत खोदत नाही. म्हणजे ती खोदली तेव्हा तिथे घर बांधण्याजोगी जमीन होती आणि समुद्र बराच दूर होता. याच किनाऱ्यावर दक्षिणेला तरंगंबाडीत, जिथे डॅनिश लोकांनी १६२०मध्ये किल्ला बांधला, चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचे मासिलामणिनाथ मंदिर आहे. त्याचा समुद्राकडचा भाग लाटांनी नेला आहे. तिथे कोणतीही दंतकथा लागत नाही. उरलेले अर्धे मंदिरच किनारा मागे सरल्याचे माप आहे.

धूप किती वेगाने होते हे मोजल्याशिवाय पुढचे काही ठरवता येत नाही. कडेपासून पुरेसे आत, जिथे पुढची वीस-पंचवीस वर्षे समुद्र पोहोचणार नाही असे वाटते तिथे, सिमेंटमध्ये बसवलेल्या तीन-चार खुणा करायच्या आणि प्रत्येक खुणेपासून कडेचे अंतर ठरलेल्या दिशेने मोजायचे: एकदा मेच्या अखेरीस, एकदा ऑक्टोबरमध्ये. आज ड्रोन आणि अचूक जीपीएसने हे काम सुंदर होते, पण साध्या फितीने नेमाने दहा वर्षे घेतलेली मापे एकदाच उडवलेल्या ड्रोनपेक्षा कितीतरी मोलाची असतात. आणि सरासरीवर विसंबू नका. वर्षाला अर्धा मीटर हा आकडा कागदावर शांत दिसतो. प्रत्यक्षात पाच वर्षे काहीच जात नाही आणि एखाद्या वर्षी उधाण, मोसमी वारा आणि नदीचा पूर एकाच दिवशी आले की तीन मीटर जातात.

कामाची वेळ समुद्र ठरवतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा आपल्या कोळ्यांचा हिशेब आम्हीही वापरतो: अष्टमीला सहाच्या सुमारास, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. म्हणजे उधाणाच्या दिवसांत, जेव्हा पाणी सर्वांत लांब ओसरते, तेव्हा ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी येते, आणि कडेच्या पायथ्याचे काम फटफटल्यापासूनच्या तीन तासांत उरकावे लागते.

आता एक उदाहरण, जे मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगतो. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी द्वीपसमूहात सँडे नावाचे बेट आहे. त्यावर स्कार येथे १९८५मध्ये एका शेतकऱ्याला ढासळत्या कडेत हाडे आणि शिशाची एक वस्तू दिसली. ती बाब जाणकारांच्या नजरेस येऊन जागेची नीट पाहणी होईपर्यंत १९९१ उजाडले. कडेत गंजलेले लोखंडी रिव्हेट, म्हणजे नावेच्या फळ्या जोडणारे खिळे, दिसताच हे नावेतले दफन असावे हे ओळखले गेले आणि पुढच्या वादळाची वाट न पाहता नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, तिथल्या ऐन वाऱ्यापावसात, जेव्हा दिवसाचा उजेड जेमतेम सहा-सात तास असतो, उत्खनन करावे लागले. नावेचे लाकूड केव्हाच कुजून गेले होते. उरले होते ते तीनशेहून अधिक रिव्हेट, वाळूत आपापल्या जागी. प्रत्येकाची जागा तिन्ही मितींत मोजली गेली आणि त्या ठिपक्यांतून सुमारे साडेसहा मीटर लांबीची व्हायकिंग काळातली नाव पुन्हा आकाराला आली. तिच्यात एक पुरुष, सत्तरीच्या आसपासची एक वृद्धा आणि दहा-अकरा वर्षांचे मूल होते; सोबत तलवार, आठ बाणांचा भाता, खेळाच्या बावीस सोंगट्या, फणी, आणि दोन प्राण्यांची मस्तके कोरलेली देवमाशाच्या हाडाची सुंदर पाटी. नावेच्या फटींत भरलेल्या लेपातले वाळूचे कण ऑर्कनीचे नव्हते. नाव बाहेरून आलेली होती. नावेचा समुद्राकडचा भाग आणि त्यातले जे काही असेल ते मात्र आधीच गेले होते.

या गोष्टीतली पाटी सगळ्यांच्या लक्षात राहते. मला आठवतात ते रिव्हेट. कोणी ते गंजके तुकडे गोळा करून पिशवीत घालून आणून दिले असते, तर आमच्याकडे तीनशे गंजके तुकडे असते आणि नाव नसती. म्हणून कळकळीने सांगतो: कडेत अजून रुतलेली वस्तू कितीही हाताशी असली तरी ओढून काढू नका. खाली पडलेली, पुढच्या भरतीत जाणारी वस्तू उचलायला हरकत नाही, पण तिच्या वर कडेत नेमके काय दिसते याचे छायाचित्र आधी घ्या.

वस्तूच नसते आणि फक्त ठसा असतो तेव्हा काय करायचे, याचे उत्तर इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर हेजबरो येथे मिळाले. तिथले जुने लाकडी संरक्षक बांध निकामी झाल्यावर कडा झपाट्याने मागे सरल्या आणि त्यांखालचे अतिप्राचीन गाळाचे थर उघडे पडले. मे २०१३मध्ये ओहोटीच्या वेळी त्या गाळावर सुमारे पन्नास मानवी पाऊलखुणा दिसल्या, सात लाख ऐंशी हजार वर्षांहून जुन्या. आफ्रिकेबाहेर तेव्हा माहीत असलेल्यांत सर्वांत जुन्या. त्या उचलता येत नव्हत्या, झाकूनही टिकल्या नसत्या. पावसात, साचणारे पाणी टिपत, चहूबाजूंनी छायाचित्रे घेतली गेली आणि संगणकावर त्यांचे त्रिमित प्रतिरूप तयार झाले. त्यावरून पावलांची लांबी मोजता आली आणि त्या चिखलातून मोठी माणसे आणि मुले एकत्र गेली होती हे कळले. काही आठवड्यांत लाटांनी त्या पुसून टाकल्या. हे तंत्र आता तुमच्या खिशातल्या फोननेही बऱ्यापैकी साधते: सत्तर-ऐंशी टक्के भाग एकमेकांवर येईल अशी, ढगाळ उजेडात, हळूहळू सरकत घेतलेली छायाचित्रे आणि चौकटीत दोन मोजपट्ट्या.

प्रत्यक्ष उत्खनन करायचे ठरले तर आम्ही कडेवरच खणत नाही. कडेला समांतर, सुरक्षित अंतर सोडून मागे, येत्या काही वर्षांत जाणारा पट्टा आखतो आणि वरून खाली, थरागणिक उतरतो. कडेतल्या छेदाने काय विचारायचे हे आधीच सांगितलेले असते. कालमापनासाठी शिंपल्यांपेक्षा कोळसा किंवा जळलेले धान्य पसंत करतो, तेही काटक्या-बियांसारखे अल्पायुषी. समुद्रातल्या जिवांच्या अंगी जुना कार्बन येतो, त्यामुळे शिंपल्याचे वय साधारण चारशे वर्षांनी अधिक येते आणि ही तफावत किनाऱ्यागणिक बदलते. वाळूच्या थराला उजेड शेवटचा कधी लागला हे प्रकाशदीप्ती पद्धतीने काढता येते. त्यासाठी धातूची नळी कडेत ठोकून नमुना अंधारातच बंद करावा लागतो. दोन्ही पद्धतींची उत्तरे जुळली तरच मी तारीख लिहितो.

बंधारा बांधून जागा वाचवावी का, असेही तुमच्या मनात असेल. ऑर्कनीतलेच स्कारा ब्रे हे अश्मयुगीन गाव १८५०च्या वादळाने उघडे केले, १९२४च्या वादळाने त्यातल्या एका घराचा भाग नेला आणि त्यानंतर भिंत बांधल्यामुळे ते आज उभे आहे. त्या गावाची मोलाची दगडी घरे पाहता तो निर्णय योग्यच होता. पण भिंत लाटेची ताकद संपवत नाही, ती तिच्या टोकांकडे वळवते, आणि टोकांशी धूप वाढते. शिवाय आपल्याकडे धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचा पाया खणताना आणि दगडांच्या गाड्या आणताना थर चिरडले जातात. गावाला बंधारा हवा असेल तर तो गावाचा हक्काचा विषय आहे; माझी विनंती इतकीच, की काम सुरू होण्यापूर्वी त्या कडेची नोंद होऊ द्यावी.

कायद्याबद्दल थोडक्यात. आपल्या देशात उत्खननाला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची मान्यता लागते. हौसेने खड्डा घेणे गुन्हा ठरू शकते. जमिनीतून मौल्यवान काही निघाले तर १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. हाडे माणसाची वाटत असतील तर आधी पोलीस पाटलांना सांगा. ती अलीकडची नाहीत हे ठरवण्याचे काम आपले नव्हे, आणि किनाऱ्यावर बुडालेल्यांना, परदेशी खलाशांना किंवा एखाद्या समाजाच्या माणसांना पुरलेले असू शकते. गावातल्या वृद्धांना विचारल्याशिवाय त्या जागेला “प्राचीन” म्हणू नये.

उचललेल्या वस्तू उन्हात वाळवू नका. खाऱ्या मातीतून आलेले खापर सुकताना मीठ स्फटिक होऊन फुगते आणि पापुद्रे सुटतात. ते गोड्या पाण्यात ठेवून पाणी बदलत राहावे. ओले लाकूड, दोर, चामडे सुकले की काही तासांत वेडेवाकडे होते. ते पाण्यातच, झाकून, थंड जागी ठेवावे. लोखंडाला हात न लावता ते आहे त्या ओलीत बंद करावे.

यंदा पावसाळ्यापूर्वी तुम्ही विद्यार्थ्यांना घेऊन करण्याजोगे काम असे आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात कडेची पूर्ण लांबी समोरून, ठरलेल्या जागांवर उभे राहून, एकावर एक येणाऱ्या छायाचित्रांत घ्या. आत तीन खुणा रोवून अंतरे वहीत लिहा. शिंपल्यांचा थर भरतीच्या रेषेपासून किती उंच आहे ते मोजा आणि त्यातल्या शंभर शिंपल्यांच्या जाती व आकार नोंदवा. हाडे कडेत कोणत्या उंचीवर दिसली होती, ती विखुरलेली होती की सांगाड्याच्या क्रमात, हे ज्यांनी पाहिले त्यांच्याकडून आजच लिहून घ्या. मग हे सगळे राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजकडे एकाच वेळी पाठवा आणि पोच मागून घ्या. आषाढातल्या अमावास्येच्या उधाणानंतर, पाणी ओसरताच, त्याच जागांवर उभे राहून तीच छायाचित्रे पुन्हा घ्या. त्या दोन संचांत जो फरक दिसेल तो मला पाहायचा आहे. छेदासाठी कोणता पट्टा आधी निवडायचा, ते त्यावरून सांगता येईल.